माह्या डोळ्यांतली मानसं

माहा जनम वैनगंगेच्या काठचा, सावली गावाकडचा. आमी ढिवर, बाप नदीत जाळं टाके आन पानी आलं का दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवनीले जाये, मायबी जाये आन मी मायच्या मांगं मांगं. नाव अनसूया ठेवलं होतं पन अनसूया मले कोनी म्हनलं नाई, आंधी अनसा, लग्न झाल्यावर अनसाबाई, आता अनसाबुढी. काय सांगू ताई तुमाले, माह्यासारखीच्या जनमात सांगन्यासारखं काय राहते, पन तुमी डोळ्याचंच विचारून राह्यल्या तर मले मायपासून सुरू करा लागते. माही माय आंधळी झाली. म्हातारी होऊन नाई, मी लग्नाची व्हायची होती तवाच झाली. कोनी म्हने चुलीच्या धुरानं डोळे गेले, कोनी म्हने बाळंतपनात गेले, कोनी म्हने नदीच्या देवीचं काई देनं राह्यलं असन. दवाखान्यात कोनी नेलं नाई, आन आंधळ्या बाईले दवाखान्यात नेऊन काय करन, असंच समजत होते सारे. ती भिंतीले हात लावून चाले, मातीच्या भिंतीवर तिच्या हाताचा पट्टा पडला होता, तेल लावल्यासारखा चकाके. आन कधी कधी दारापुढच्या सपरीत बसल्या बसल्या ती हातानं कोनाले तरी सर म्हने, बाजूले हो म्हने, समोर तर कोनी नाई. आमी लेकरं हसो. बाप म्हने डोळ्यासंग डोकंबी गेलं हिचं. मायनं कोनाले काई सांगतलं नाई, तशीच मेली.

मंग मले देल्लं मूल शहराच्या पुढं, जंगलाले लागून गाव. घरामांगच्या सांदवाडीत भाजी लावलेली आन तिच्या कुंपनापासून सागाची झाडं सुरू. आमचे बुढे, म्हनजे माहे मालक, वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीले होते, शांत मानूस, दारू नाई, काई नाई, छातीच्या दुखन्यानं गेले. एक पोरगा, प्रल्हाद. तो दहावीपर्यंत शिकला, मंग डायवर झाला, माजरीच्या खदानीतून कोळसा भरून ऊर्जानगरच्या बिजलीघरात नेनाऱ्या ट्रकवर. तिकडंच खोली करून राहे, सुट्टी भेटली का गावाले ये. त्याची बायको वंदना माह्यापाशी गावात राहे. ती नसती ताई, तर आज तुमाले हे सांगाले मी नसती.

मी कामाची बाई होती. उन्हाळ्यात मोहफुलं वेचाची, तेंदूपत्ता तोडाचा, पावसाळ्यात रोवनी, थंडीत धान कापाचा. शांता म्हनून माही शेजारीन, तिच्या आंगनाची आन माह्या आंगनाची मधातली कुडाची भित एकच. बांधीत आमी दोघी बाजूबाजूनं राहो, गानं एकीनं सुरू केलं का दुसरी उचले. तिचा पोरगा गोलू माह्याच आंगनात रांगला. हे काऊन सांगून राह्यली, तर पुढं जे झालं ते कोन्या दुश्मनानं नाई केलं, हे तुमाले समजाले पायजे.

डोळ्यात काई दुखलं नाई. लाल नाई झाले, पानी नाई आलं. हेच तर भेव आहे ह्या बिमारीचं, ते चोरावानी येते आन घरातल्या मानसाले कळू देत नाई. एका रोवनीले शांता मले म्हने, अनसा, तुह्या बाजूची ओळ सुटून राह्यली. मी पाह्यलं तर ओळ भरलेली, हिरवे हिरवे परे लावलेले. मी म्हनलं, तुले दिसत नसन. ती म्हने, मान वळवून पाहाय. मी मान वळवली तर तिथी नुसतं पानी. एक रोप नाई. मी म्हनलं बाप्पा, आताच तर इथी धान दिसत होता. शांता हसली, म्हने, उन लागलं तुले. आन मीबी हसली. दाराची चौकट खांद्याले लागे, पान्याचा गुंड उचलाले हात जाये तर गुंड वीतभर बाजूले राहे, कोंबडी एकदम पायात ये. मी समजो, घाई होऊन राह्यली, वय होऊन राह्यलं.

मंग मोहफुलाच्या दिवसातली गोष्ट. सकाळची येळ, उजेड चांगला झाला होता. मी आन शांता आन आनखी दोघीतिघी बाया, एकेकीचं एकेक झाड. मी वाकून वेचून राह्यली, माह्या उजव्या अंगाले सुकलेलं गवत, कमरीएवढं, पिवळं. मी मान उचलून इकडं तिकडं पाहो, जंगलात तशी सवयच राहते, मले गवतच दिसे. तर शांतानं हळूच आवाज देल्ला. वरडली नाई. म्हने, अनसा, वेचू नको, उभी राहाय, मांगं मांगं ये, पाठ देऊ नको. मी उभी राह्यली. मी म्हनलं, काय आहे? ती म्हने, तुह्या उजव्या हाताले. मी पाह्यलं, गवत. मी म्हनलं, कुठी? ती म्हने, अनसा, तुह्याकडंच पाहून राह्यला तो. ताई, वाघ उघड्यावर उभा होता. झुडपाच्या आड नाई, गवतात लपून नाई, गवताच्या ह्या बाजूले, साऱ्या आंगानं. त्या साऱ्या बायाईले दिसे आन मले नाई दिसे. मले तिथी गवत दिसे, एक एक काडी दिसे, वाऱ्यानं हालतानी दिसे. मी मांगं मांगं आली, शांतानं माह्या पदराले धरून ओढलं, आन मंग तो निंगून गेला असं त्या म्हनल्या, मी त्याले येतानीबी नाई पाह्यलं आन जातानीबी नाई.

त्या दिवसापासून मले जंगलाचं भेव नाई वाटलं, मले माह्या डोळ्याचं भेव वाटाले लागलं. आंधळ्याले निदान मालूम राहते का आपल्याले दिसत नाई. माहे डोळे मले खोटं दाखवून राह्यले होते, आन खरं कोनतं, खोटं कोनतं, ते मले कसं समजन?

वंदनानं मले डोळ्याच्या शिबिरात नेलं. तिथल्या डॉक्टरनं डोळ्यात काईतरी टाकलं, बत्ती मारून पाह्यलं, म्हने, आजी, काचबिंदू आहे. मी म्हनलं, मोतीबिंदू ना जी, कापून काहाडून टाका. तो म्हने, मोतीबिंदू नाई, काचबिंदू. डोळ्याच्या आतलं पानी साचून दाब वाढते आन डोळ्यापासून मेंदूत जानारी नस सुकून जाते, जे गेलं ते वापस येत नाई, जे राह्यलं ते जपाचं, औषधाचा थेंब रोज टाकाचा. आमी थेंब टाकला. थेंब सरला का मूलले जा लागे, कधी भेटे, कधी नाई भेटे. दोनेक उन्हाळे असेच गेले आन माही नजर बारीक होत होत सुईच्या नेढ्याएवढी झाली. मंग तेबी बुजलं. आता उजेड आहे का अंधार आहे तेवढं समजते, आन कोनी समोरून गेलं तर सावली.

मंग ते आले.

मी सपरीत बसली होती, सकाळचं उन पायावर पडलं होतं. आन आंगनात बाया उभ्या दिसल्या. सावल्या नाई ताई, बाया. हिरवे लुगडे नेसलेल्या, काठ लाल, काठावरची जरी अशी का तिचा धागा मोजावा. माहे डोळे चांगले होते तवाबी मले एवढं साफ कधी दिसलं नाई. मी म्हनलं, कोन जी? या ना, बसा. त्या बोलल्या नाई. माह्याकडं पाह्यलंबी नाई. मी वंदनाले आवाज देल्ला, पाहाय वं, कोन आलं. ती आली, म्हने, कोनी नाई मामी. मी म्हनलं, अशा उभ्या आहे ना आंगनात. ती त्याईच्या मधातून चालत गेली. मले दिसलं ना, माही सून त्या बायाईच्या मधातून गेली, तिची नुसती सावली होती आन त्या बाया खऱ्याखुऱ्या.

दुसऱ्याही दिवशी आल्या. कधी बाया, कधी लहान लहान मानसं, पायलीएवढी, डोक्यावर उंच टोप्या घालून ओळीनं भिंतीवरून चालत जाये. कधी भिंतच सारी जाळीजाळीची होऊन जाये. हे चाललं असतं, मी काई केलं नसतं. पन मंग चेहरे येऊ लागले. नुसते चेहरे, एकदम तोंडासमोर, मोठाले दात, मोठाले डोळे, न मिटनारे. मी जेवाले बसली का ताटाच्या वर येऊन थांबे. मी पदर तोंडावर घेतला तरी पदराच्या आत. मले वाटलं मराची येळ आली, आपले मेलेले लोकं न्याले येऊन राह्यले. पन त्याच्यात आमचे बुढे नाई, माय नाई, बाप नाई. ओळखीचा एकबी नाई. न्याले आले असते तर ओळखीचे असते ना. मंग हे कोन आहे? मी वंदनाले सांगनं बंद केलं. ती पोटुशी होती, तिले काऊन भेव दाखवाचं.

पन एक दिवस तोंडातून निंगून गेलं. दुपारची येळ होती, कुडाच्या भितीपलीकडं शांताच्या दारात मले पांढऱ्या कपड्याचे लोकं दिसले, गंज लोकं, दारात दाटी करून उभे. मी वंदनाले म्हनली, आज शांताकडं काय आहे वं, पांढरे कपडे घालून लोकं आले. शांता तिच्या आंगनात सडा टाकून राह्यली होती. तिनं आयकलं. तिच्या बादलीचा आवाज थांबला, तो मी आयकला.

आन त्याच पावसाळ्यात गोलूले ताप आला. मेंदूचा मलेरिया होता, मंग डॉक्टरनं सांगतलं तो. ट्रॅक्टरवर टाकून मूलले नेलं तर रस्त्यातच गेला. सोळा सतरा वर्साचा पोरगा. शांता रडली नाई पहिले. ती माह्या आंगनात येऊन उभी राह्यली, मी तिचा श्वास ओळखला, म्हनलं, ये शांता. ती म्हने, तुले आंधीच दिसलं होतं. एवढंच म्हनली आन चालली गेली.

गाव कसं राहते ताई. पहिले लोकं विचाराले आले. माह्या दारात कोनी दिसते का पाहाय, माह्या पोरीचं जमन का पाहाय. मी म्हनो, माय, मले काई समजत नाई, मले माहेच डोळे फसवून राह्यले. ते म्हने, सांगत नाई बुढी. मंग कोनाची गाय मेली, कोनाच्या घरचं लेकरू बिमार पडलं. वाडीतला एक पुजारी होता, झाडफूक कराचा, त्याले जाऊन विचारलं, तर तो म्हने, गावात एक जन आहे, तिनं पाळले आहे ते, त्याईले खाले पायजे. नाव नाई घेतलं त्यानं. नाव घ्याची गरजच नाई राह्यली. माह्या दारावरून जानाऱ्या बाया पाय उचलून चाले, हे मले आयकू ये. विहिरीवर वंदनाले वेगळं उभं ठेवलं. प्रल्हाद फोनवर म्हने, इकडं या दोघी. मी म्हनली, माह्या घरून मी काऊन जाऊ? मी कोनाचं काय केलं?

ते दुपारी आले. उन होतं, मले पायावर लागत होतं. पहिले मले वाटलं का नेहमीचेच आहे, आंगन भरलं होतं मानसाईनं, हिरव्या लुगड्याच्या बायाबी होत्या, मी लक्ष नाई देल्लं. मंग एकीनं माहा हात धरला. आजपर्यंत त्याच्यातल्या कोनीच मले हात लावला नव्हता. तवा समजलं का ह्या खऱ्या आहे. चल म्हने बुढी, देवळासमोर चल, साऱ्या गावासमोर सांग का पाळलेले सोडतो म्हनून. ओढत ओढत नेऊन राह्यले, हात सारे ओळखीचे ताई, रोवनीत संग राह्यलेले हात, कोनाच्या बोटाले घट्टे कुठी आहे तेबी मले मालूम. मी नावं घेऊन म्हनो, अगं सोड ना, अगं मी अनसा आहे ना. नाव घेतलं का तो हात आनखीच दाबे, जसं का नाव घेतल्यानंच मी काई करन. आन त्याईच्या मधात त्या हिरव्या लुगड्याच्या बाया चालून राह्यल्या होत्या, शांतपनानं, कोनाकडं पाहत नाई, कोनाले लागत नाई. मी रडून राह्यली, आन त्या इतल्या सुंदर दिसून राह्यल्या होत्या का मले त्या वक्ताले त्याईचा राग आला.

देवळाच्या खांबाले बांधाले दोर आनला. तवा वंदना आली. सातवा महिना तिले. तिनं खांबाले पाठ लावली आन म्हने, पहिले मले बांधा. आवाज चढवला नाई तिनं. म्हने, ह्या बुढीच्या हातचं मी रोज खातो, तिनं केलं असन तर मलेबी लागलं आहे, माह्या पोटातल्यालेबी लागलं आहे, आमाले तिघाईले बांधा. लोकं थांबले. पोटुशीले हात कोन लावन. तेवढ्यात मांगून कोनीतरी दगड भिरकावला, तो माह्या मनगटाले लागला, हाड तुटल्याचा आवाज मी आयकला. पोलिस पाटलाले वंदनानं घरून निंगतानीच फोन लावला होता, प्रल्हादलेबी लावला होता. पाटील आला, मंग गाडी आली. जादूटोन्याचा कायदा आहे म्हनते, केस झाली, ते चालू आहे. दगड मारनाऱ्याचं नाव मी नाई सांगतलं कोनाले. दिसलंच नाई तर काय सांगू.

मले चंद्रपूरले दवाखान्यात आनलं, हाताले पलस्तर केलं. तिथी खाटेवर पडल्या पडल्या एक चेहरा समोर आला आन मी म्हनलं, सर ना बाजूले. नर्सनं आयकलं, डॉक्टरले सांगतलं. मले वाटलं आता पागलखान्यात टाकतील. तर एक डॉक्टरबाई आली, आवाजावरून पोरगीच वाटे. ती डोळ्याची डॉक्टर, नागपूरकडून आली होती, डोळे गेल्यावर मेंदू काय करते ह्याच्यावर अभ्यास करून राह्यली होती. खाटेवर बसली माह्यापाशी. म्हने, आजी, कोन दिसते तुमाले? मी म्हनलं, कोनी नाई. ती म्हने, बरं. मंग हळूच म्हने, ते बोलतात का कधी? मी पदर तोंडावर ओढला. म्हने, कपडे रंगीत असतात का, तुमच्या डोळ्यांपेक्षा साफ दिसतात का, लहान लहान मानसं असतात का टोप्या घातलेले, मोठ्या दाताचे चेहरे येतात का? ताई, मी उठूनच बसली. मी म्हनलं, पोरी, तुलेबी दिसते का ते? ती म्हने, मले नाई दिसत आजी, पन तुमच्यासारखे गंज म्हातारे आहेत, ज्याईचे डोळे गेले, त्याईले हेच दिसते. सांगत कोनीच नाई. भितात.

मी लय रडली. एवढी तर त्या खांबापाशी नाई रडली.

तिनं मले समजावलं. म्हने, आपन डोळ्यानं पाहत नाई, डोळा नुसता खबर देते, पाहाचं काम मेंदू करते, डोक्याच्या मांगच्या भागात. तुमच्या डोळ्याची खबर बंद झाली पन ती पाहाची जागा जिवंत आहे, तिले रोज काम पायजे, काम नाई भेटलं का ती आपल्या मनानंच चित्रं काहाडते. भूत नाई, पागलपना नाई. मी तिले वाघाचं सांगतलं.  ती म्हने, तेबी मेंदूनंच केलं आजी, नजरेचा तेवढा तुकडा गेला होता, तिथली खबर आली नाई, तर त्यानं आजूबाजूचं गवत उचलून तिथी लावून देल्लं. मानसाले भोक दिसू देत नाई तो. मी म्हनलं, मंग शांताच्या दारातले पांढरे लोकं? ती म्हने, तो योगायोग, आजी. मी तिले विचारलं, पक्कं? ती म्हने, पक्कं. ती हुशार आहे, खरंच सांगत असन. तवाच मले माही माय आठवली, हातानं कोनाले सर सर म्हननारी. तिलेबी हेच होतं, आन आमी हसलो.

हात बरा झाल्यावर तिनं विचारलं, आजी, डोक्याचा फोटो काहाडू द्याल का, ते मानसं दिसतात तवा मेंदूत काय होते ते पाहाचं आहे. नाई म्हनलं तरी चालन म्हने, तुमच्या इलाजाचं काई अडत नाई. मी हो म्हनली. एका मोठ्या नळीत झोपवलं, कानात कापूस, हातात रबराचा फुगा देल्ला, कोनी दिसलं का दाब म्हने. आत असा आवाज का जसं टीनावर कोनी घन मारून राह्यलं. मी वाट पाहत पडली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याईची वाट पाह्यली. आन ते आले, चेहरे, एकामांगं एक, मी फुगा दाबत गेली. मंग तिनं सांगतलं का मेंदूत चेहरे ओळखाची एक जागा राहते, तुमी फुगा दाबला का ती जागा जागी होत होती, जसं का खरंच कोनी समोर आहे. मी म्हनलं, म्हनजे मी खोटी नाई. ती म्हने, तुमी खोट्या नाई. हे तिनं प्रल्हादच्या समोर सांगतलं, वंदनाच्या समोर सांगतलं. ते आले का डोळे झपझप उघडझाप कराचे, नाईतर इकडून तिकडं फिरवाचे, मंग ते मिटून जाते, तेबी शिकवलं. कधी जाते, कधी नाई जात. आता त्याईचं भेव नाई. आत्ताबी एक आहे तुमच्या खांद्यापाशी, राहू द्या, ती काई करत नाई.

भेव दुसरंच आहे. डॉक्टरबाईनं विचारलं, आजी, तुमच्या मायचे डोळे कसे गेले? मी सांगतलं तर म्हने, ही बिमारी घरान्यात चालते, प्रल्हादले पाहू द्या. तो म्हने, मले काय झालं, मी रोज एवढा मोठा ट्रक चालवतो. मी म्हनलं, माह्यासाठी पाहाय. त्याले मशीनीसमोर बसवलं, बारीक बारीक दिवे लागते, दिसला का बटन दाबाचं. मी बाजूले बसली होती, बटनाचा आवाज ये. मंग येनं बंद होये. मंग कितीतरी येळानं एक ये. मले वाटलं तो थांबला असन, मशीन संपली असन. मशीन चालूच होती ताई. दिवे लागून राह्यले होते आन माहा पोरगा बटन दाबून नाई राह्यला होता. बाहेर आल्यावर म्हने, मस्त झालं, सारेच्या सारे दिसले.

ट्रक सुटला त्याचा. वंदनानं सोडवला. नुकत्याच झालेल्या पोरीले त्याच्या मांडीवर ठेवलं आन म्हने, हिच्यासाठी उतर खालती. भांडला, गंज दिवस भांडला, मंग वजनकाट्यावर काम भेटलं. आता आमी सारे ऊर्जानगरच्या बाजूले खोली करून राह्यतो. गावाले मी नाई जात.

मांगच्या उन्हाळ्यात शांता आली होती इथी. केसच्या तारखेले चंद्रपूरले आली आन पत्ता विचारत विचारत दारात. वंदना तिले आत घेत नव्हती, मी म्हनलं, येऊ दे. ती जमिनीवर बसली. मी तिचा श्वासच आयकत बसली. मंग म्हने, अनसा, ते लोकं अजून दिसते तुले? मी म्हनलं, दिसते. ती म्हने, त्याच्यात माहा गोलू दिसते का?

काय सांगाव ताई मी. हो म्हनली असती तर तिनं माहे पाय धरले असते. मी तिले समजावलं, शांता, ते कोनी नाई, ते मेंदू करते, त्याच्यात ओळखीचं कोनीच येत नाई, मले आमचे बुढे नाई दिसत, माय नाई दिसत. ती आयकत राह्यली. च्या थंडा झाला तिचा. उठतानी माह्या त्या तुटलेल्या मनगटावर हात ठेवला तिनं, दाबला नाई, नुसता ठेवला, आन म्हने, दिसला तर सांगजो. आन चालली गेली. तवापासून मी त्या चेहऱ्याईले नीट पाहतो. नाई पाहाले पायजे, डॉक्टरबाई म्हने डोळे झपझप करा, पन मी पाहतो.

तुमीबी डोळ्याचा दाब तपासून घेत जा ताई, दुखाची वाट नोका पाहू, तुमच्या लेकराबाळाईचे डोळे राहो, तुमचेही राहो. प्रल्हाद थेंब टाकते, वंदना पहाऱ्यावर राहते. नात आता चालाले लागली, तिलेबी मोठी झाल्यावर दाखवा लागन म्हनते. मी काई त्याले बोलत नाई. तो रोज काट्यावरून येते, फटफटी आत घेते, आन आत घेतानी तिचं हँडल भिंतीले खरकन घासते. पहिले कधी कधी घासे, आता रोज घासते. मी म्हनतो, पाहून आन रे. तो म्हने, पाहूनच आनतो माय, बोळच अरुंद आहे. एक दिवस कोनी घरी नव्हतं तवा मी बाहेर जाऊन बोळात उभी राह्यली आन दोन्ही हात पसरले. मंग इकडं सरकली, तिकडं सरकली. बैलगाडी जाईन, ताई, एवढा आहे तो बोळ.